‘घरीच असते’ म्हणू नका, ती कामगार आहे

अजिंठा लेणीच्या पायथ्याशी असलेल्या फर्दापूरसारख्या गावात लेकराला झोळीत टाकून शिलाई मशीनवर बसणाऱ्या आईबद्दल आपण सहज म्हणतो, ‘ती घरीच असते’. पण तिची मजुरी नगावर असते. लेकरू आजारी पडले की नग घटतात, मजुरीही घटते.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. २०१७ मध्ये पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. घरून नगावर काम करणारी आई मात्र तिच्याबाहेरच राहिली.

तरीही २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्याने मालकासाठी घरी माल तयार करणारीलाही कामगारच मानले होते. १६ ते ५९ वयाच्या अशा महिलांची ई-श्रम पोर्टलवर नोंदणी होते. आधार, बँक खाते आणि मोबाईल सोबत ठेवावा.

अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुले बसतात. त्याहून लहान लेकरांसाठी आपण विहार दुपारी दोन तास उघडू शकतो. बाबासाहेबांच्या विचारांचे काम इथूनही सुरू होते.

जय भीम!