खाणीच्या गावातला गोलंदाज आणि मधली पायरी

उमेश यादवची गोष्ट विदर्भातल्या क्रिकेटवेड्यांना तोंडपाठ आहे. नागपूरजवळच्या खापरखेडा भागातली वलनीची कोळसा खाण, तिथे वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये) कामाला असलेले वडील, कामगारांच्या वसाहतीत वाढलेला मुलगा आणि नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध झालेलं त्याचं कसोटी पदार्पण. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिला खेळाडू. पुढे 57 कसोट्यांत त्याने 170 बळी घेतले. ही गोष्ट नेहमी जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि जिद्द त्यात आहेच. पण तिच्यातल्या तारखा नीट पाहिल्या तर एक वेगळीच बाब समोर येते. उमेशचा जन्म 1987 चा. विशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत हा मुलगा टेनिस बॉलनेच खेळत होता. सैन्यात किंवा पोलिसात लागावं यासाठी त्याचे प्रयत्न चालले होते आणि पोलीस भरती थोडक्यात हुकली. ती हुकली नसती तर देशातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांपैकी एक जण आज कुठल्या तरी ठाण्यात हवालदार असता, आणि आपण काय गमावलं हे कोणाला कळलंही नसतं. म्हणून या गोष्टीतून गुणवत्ता कशी वर येते हे जितकं शिकायचं, त्याहून अधिक ती कुठे अडते हे शिकायला हवं. ती गावात अडत नाही, राज्याच्या संघातही अडत नाही. ती या दोहोंच्या मधे अडते.

हा मधला टप्पा म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली खाणीची गावं उपयोगी पडतात. तिथे बेसबॉल हा आपल्याकडच्या क्रिकेटसारखाच गल्लीबोळातला खेळ. न्यूयॉर्क, शिकागो, बोस्टन अशा मोठ्या शहरांचे संघ वरच्या दोन लीगमध्ये खेळत, त्यांना मेजर लीग म्हणत. त्याखाली शेकडो लहान गावांचे पगारी संघ होते, त्यांच्या स्वतंत्र लीग होत्या, त्या मायनर लीग. 1901 मध्ये या लहान लीगांनी एकत्र येऊन आपली राष्ट्रीय संघटना उभी केली आणि अ, ब, क, ड अशा श्रेणी ठरवल्या. ड श्रेणीतला संघ म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावाएवढ्या वस्तीचा. तिथला पगार जेमतेम असे, प्रवास खडतर असे, पण खेळाडू तिथे हंगामभर जवळजवळ रोज सामना खेळे, तोही खऱ्या चेंडूने, खऱ्या नियमांनी, पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांसमोर. तिथे चमकला तर क श्रेणीत जाई, तिथून ब मध्ये. खाणीच्या गावांत हे जोमाने रुजलं, याची कारणं साधी आहेत. शेतकऱ्याच्या हाती पैसा सुगीनंतर येतो, खाणकामगाराच्या हाती ठरलेल्या दिवशी. पाळी संपली की मोकळा वेळही ठरलेला. वस्ती दाट, त्यामुळे हजारभर प्रेक्षक चालत मैदानावर येऊ शकत. शेजारी तशीच दुसरी खाण आणि तसंच दुसरं गाव, म्हणजे चुरस आयतीच. शिवाय कामगार कामावर टिकावेत म्हणून कंपनी मैदान बांधून द्यायला तयार असे.

पेनसिल्वेनियातल्या शामोकिन या कोळशाच्या गावचा स्टॅन कोव्हलेस्की बाराव्या वर्षी खाणीवर कामाला लागला. आठवड्याला 72 तास काम आणि मजुरी पावणेचार डॉलर. संध्याकाळी उरलेल्या उजेडात तो डब्यांवर दगड मारून नेम साधत असे. 1909 मध्ये त्याला मायनर लीगमधल्या लँकेस्टरच्या संघाने घेतलं आणि 1920 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, त्याने क्लीव्हलँडला तीन सामने जिंकून दिले. इंग्लंडच्या क्रिकेटमध्येही हेच दिसतं. ‘बॉडीलाइन’ मालिकेतला हॅरॉल्ड लारवुड चौदाव्या वर्षी नॉटिंगहॅमशायरच्या कोळसा खाणीत घोड्यांबरोबर राबत होता. गावातल्या क्लबमधून तो अठराव्या वर्षी काउंटीच्या निवड चाचणीला पोचला. खाणीत राबून खांदे बळकट होतात, म्हणून तिथून वेगवान गोलंदाज निघतात, असं पूर्वी म्हटलं जाई. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. खांदे तर शेतमजुराचे आणि हमालाचेही बळकट असतात. या गावांकडे आणखी एक गोष्ट होती. संध्याकाळी दगड मारणाऱ्या मुलाला हेरणारा संघ एका दिवसाच्या प्रवासावर होता.

उमेश यादवच्या शेजारी मिकी मँटलला उभं केलं की हा मुद्दा अगदी स्वच्छ होतो. ओक्लाहोमातलं कॉमर्स हे शिसं आणि जस्ताच्या खाणींचं छोटं गाव. मिकीचे वडील तिथे खाणकामगार आणि फावल्या वेळात चांगले खेळाडू. 1949 मध्ये, सतराव्या वर्षी, मिकीने न्यूयॉर्क यँकीज संघाशी करार केला. संघाने त्याला न्यूयॉर्कला नेलं नाही. घरापासून फार दूर नसलेल्या कॅन्ससमधल्या इंडिपेंडन्स या गावच्या ड श्रेणीच्या संघात पाठवलं. पुढच्या वर्षी तो क श्रेणीत जॉपलिनला खेळला. हेही खाणीचंच गाव, संघाचं नावच ‘मायनर्स’, म्हणजे खाणकामगार. 1951 मध्ये तो यँकीजकडून मैदानात उतरला आणि पुढे अमेरिकेच्या सार्वकालिक थोर खेळाडूंमध्ये गणला गेला. दोन्ही मुलं खाणकामगारांची, दोघांच्या अंगात असामान्य ताकद, दोघांची घरं साधी. पण मँटल सतराव्या वर्षी पगारी लीगमध्ये व्यावसायिक चेंडू मारत होता आणि उमेशच्या हाती त्या वयात लेदरचा चेंडूही आलेला नव्हता. उमेशला पुढची वाट सापडली ती काही माणसांमुळे. विदर्भ जिमखान्याने त्याला संघात घेतलं. विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांनी त्याचा वेग पाहून त्याला एअर इंडियाकडून ट्वेन्टी-20 स्पर्धेत खेळण्याची संधी मिळवून दिली. नोव्हेंबर 2008 मध्ये मध्य प्रदेशाविरुद्ध त्याचं रणजी पदार्पण झालं. गंधे यांचं श्रेय मोठं आहे. पण एका जाणत्या माणसाची नजर पडणं हा योगायोग असतो, आणि मँटलच्या बाबतीत जे नेहमीच्या व्यवस्थेनं झालं ते उमेशच्या बाबतीत योगायोगानं झालं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अमेरिकेतली ती व्यवस्था दिसते तितकी निर्मळ नव्हती. तो पूर्ण खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं योग्य होणार नाही. ॲरिझोनातलं बिस्बी हे तांब्याच्या खाणींचं गाव. तिथे 1909 मध्ये एका खाण कंपनीने वॉरेन बॉलपार्क हे सुंदर मैदान बांधलं. ते आजही वापरात आहे. 12 जुलै 1917 च्या पहाटे संप करणाऱ्या खाणकामगारांना आणि त्यांच्या पाठीराख्यांना बंदुकीच्या धाकाने घरांतून बाहेर काढलं गेलं आणि याच मैदानात आणून कोंडलं गेलं. मग सुमारे 1,200 माणसांना गुरांच्या डब्यांत भरून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडलं. कंपनीने कामगारांसाठी उभारलेलं मैदान कंपनीने कामगारांविरुद्ध वापरलं. त्याच भागात 1925 ते 1927 या काळात ‘कॉपर लीग’ चालली. वर्ल्ड सिरीजचे सामने पैसे घेऊन हरल्याच्या प्रकरणात कायमची बंदी आलेले शिकागोचे खेळाडू तिथे पैशासाठी खेळत होते. आणि काळ्या खेळाडूंना तर ही सारी शिडी 1946 पर्यंत बंदच होती. त्या वर्षी जॅकी रॉबिन्सन माँट्रियलच्या संघातून मायनर लीगमध्ये उतरला. एवढं सगळं मान्य करूनही मी म्हणेन की यातून पायरीची गरज खोटी ठरत नाही. ती कोणाच्या मालकीची असावी, हा प्रश्न मात्र पुढे येतो. त्याचं उत्तरही तिकडच्याच एका शहराने दिलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरचा संघ 1957 मध्ये शहर सोडून जाण्याच्या बेतात होता, तेव्हा तिथल्या लोकांनी शेअर घेऊन तो विकत घेतला. आपल्या सहकारी संस्थांच्या मुलखात ही कल्पना कोणाला परकी वाटू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 1949 मध्ये अमेरिकेत 59 मायनर लीग होत्या आणि वर्षभरात सुमारे चार कोटी प्रेक्षक त्यांच्या सामन्यांना आले. मग घरोघरी टीव्ही आला, मोठ्या संघांचे सामने खोलीत बसून दिसू लागले, आणि पंधराएक वर्षांत लीगांची संख्या जवळपास एक तृतीयांशावर आली. आयपीएलच्या काळात तालुक्याचा सामना पाहायला कोण येणार, असा प्रश्न त्यामुळे साहजिक आहे. पण वऱ्हाडातली वस्तुस्थिती याच्या उलट आहे. सोयाबीन निघालं की गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धांचे फलक लागतात, प्रवेश फी भरून संघ येतात, बक्षिसं स्थानिक व्यापारी आणि पुढारी देतात, आणि मैदानाभोवती माणसं उभी राहायला जागा उरत नाही. प्रेक्षक आहेत, पैसा आहे, चुरस आहे. नाही ते एवढंच, की या स्पर्धेतला उत्तम खेळाडू तिथून पुढे कुठे जाईल याची वाट कोणी आखलेली नाही. 2024 मध्ये ठाण्यात सुरू झालेली टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमिअर लीग या मुलांना टीव्हीवर आणते, हे चांगलंच आहे. पण थोड्या दिवसांचा तो सोहळा हंगामभराच्या सरावाची जागा घेऊ शकत नाही. टेनिसचा चेंडू हवेत आणि टप्प्यावर वेगळा वागतो. शिवण धरून चेंडू वळवणं, दिवसभर उन्हात पंधरा-वीस षटकं टाकणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच टाकणं, हे लेदरच्या चेंडूनेच शिकता येतं. आणि ते विसाव्या वर्षी शिकायला घेणारा उमेश एखादाच निघतो.

तिसरा आक्षेप समाधानाच्या सुरात येतो: विदर्भ आता मागासलेला राहिला कुठे? 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असे तीन रणजी करंडक नागपुरात आले. शेवटच्या विजयाच्या हंगामात हर्ष दुबेने 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला, अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाच्या सलामीला येतो. हे यश अभिमानाचं आहे, पण त्याचा भूगोलही पाहायला हवा. नागपूरच्या क्लबांना गुजदर लीगसारखी वर्षानुवर्षं चालत आलेली, श्रेणींमध्ये विभागलेली लीग आहे. म्हणजे तिथे मधली पायरी आहे आणि तिचं फळही दिसतं आहे. अमरावती आणि अकोल्यात क्लबांची जुनी परंपरा आहे. नागपूर-अमरावती-अकोला या रेषेच्या पलीकडे गेलं की नावं विरळ होत जातात. वाशिम 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. इथे कोळसा नाही, वेकोलि नाही, वसाहतीचं मैदान बांधून देणारी कुठलीच मोठी कंपनी नाही. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतल्या मुलाने चांगला वेग दाखवला तर त्याने अकोला किंवा नागपूर गाठायचं, खोली भाड्याने घ्यायची आणि कोणाची तरी नजर पडण्याची वाट पाहायची. शेतकऱ्याच्या किंवा शेतमजुराच्या घराला हा खर्च झेपत नाही. म्हणून तो मुलगा पोलीस भरतीच्या मैदानावर धावायला लागतो. त्या नोकरीत कमीपणा काहीच नाही, पण त्याला निवड करायला मिळालीच नाही, हे खुपणारं आहे.

खाण नसली तरी खाणीच्या गावांना जे लाभलं होतं त्यातलं बरंच इथे आहे. सहाही तालुक्यांची गावं एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहेत. प्रत्येक ठिकाणी बाजार समिती आहे, महाविद्यालयांची मैदानं आहेत, पतसंस्था आहेत, आणि टेनिस बॉलच्या एकेका स्पर्धेला हजारोंची बक्षिसं देणारे दातेही आहेत. सहा तालुक्यांचे सहा संघ, मॅटिंगची विकेट, लेदरचा चेंडू, सोयाबीन निघाल्यापासून ऊन तापेपर्यंत दर रविवारी सामना आणि प्रत्येक संघात एकोणिसाच्या आतली किमान चार मुलं, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. बक्षिसाचा पैसा अंतिम सामन्याच्या एका दिवशी उधळण्यापेक्षा पॅड, हेल्मेट आणि प्रवासावर हंगामभर पुरवावा. मालकी एका दात्याकडे असू नये. गावातल्या दोन-तीनशे लोकांनी थोडा थोडा वाटा उचलावा, म्हणजे दात्याचा रुसवा झाला तरी मैदान बंद पडणार नाही. आणि विदर्भ क्रिकेट संघटनेने हंगामात निदान दोनदा आपले निवडकर्ते इकडे पाठवावेत, कारण पाहणारा नसेल तर पायरी बांधूनही ती कुठेच पोचत नाही. मुलींचे सामने याच दिवशी याच मैदानावर ठेवले तर वेगळा खर्चही पडत नाही. वाशिमच्या बाजार समित्यांनी, महाविद्यालयांनी आणि गावोगावच्या क्रीडा मंडळांनी येत्या दिवाळीपूर्वी एकदा एकत्र बसावं आणि पहिल्या हंगामाचं वेळापत्रक छापावं.