बुरशी, कुत्री आणि पंतप्रधान

पेनिसिलिन कुणाचं? फ्लेमिंगचं, असं आपण शाळेत घोकलं. स्टालिनच्या अखेरच्या वर्षांत सोव्हिएत वैद्यक-इतिहासकारांना विचारलं असतं, तर नावं वेगळीच आली असती : मानासेइन आणि पोलोतेब्नोव! या दोघा रशियन डॉक्टरांनी १८७१-७२ मध्ये हिरव्या बुरशीचे गुण टिपले होते, हे खरंच. पण तिथून औषधापर्यंतचा पल्ला इतिहासकारांनी कागदावरच एका उडीत गाठला. ‘जगात पहिलं ते रशियन’ अशी तेव्हा मोहीमच होती. लोकांनी चिमटा काढला : हत्तींची मायभूमीसुद्धा रशियाच!

लाइपझिगचा किस्सा आणखी खमंग. वैद्यक-इतिहासाच्या तिथल्या नामांकित संस्थेला तिचे संस्थापक कार्ल सुडहॉफ यांचं नाव. हे गृहस्थ १९३३ मध्ये, ऐंशीला टेकलेले असताना, नाझी पक्षात गेले. पुढे पूर्व जर्मनीत कम्युनिस्ट राजवट आली. पाटी मात्र तीच! त्याच संस्थेच्या आखिम टोम यांनी मॉस्कोच्या सारेगोरोद्त्सेव यांच्या जोडीने नाझी वैद्यकावर ग्रंथ संपादित केला. तो निघाला १९८९ मध्ये, बर्लिनची भिंत पडली त्याच वर्षी. मुहूर्त बघा!

सुडहॉफनंतर लाइपझिगच्या संस्थेचे प्रमुख झालेले हेन्री सिगेरिस्ट पुढे अमेरिकेत गेले, सोव्हिएत आरोग्यव्यवस्थेचं कौतुक करणारं पुस्तक त्यांनी १९३७ मध्ये लिहिलं, आणि १९४४ मध्ये भारतात आले, ते नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या आरोग्यविषयक समितीला सल्ला द्यायला.

लाटव्हियातल्या रिगाच्या वैद्यक-इतिहास संग्रहालयात सोव्हिएत शास्त्रज्ञ देमिखोव यांनी शस्त्रक्रियेने घडवलेला दोन डोक्यांचा कुत्रा पेंढा भरून ठेवलाय. शिवाय १९६१ मध्ये अंतराळात जाऊन सुखरूप परतलेली चेर्नुश्का कुत्रीही. जेवून लगेच जाऊ नका.

पण सगळ्यांवर कडी बुडापेस्टची. योझेफ अंताल हे इतिहासाचे शिक्षक. १९५६ च्या सोव्हिएतविरोधी उठावात सामील झाले म्हणून सरकारने त्यांना शिकवायला बंदी केली. मग त्यांना आसरा मिळाला वैद्यकाच्या इतिहासात. डॉक्टरांना हात धुवायला लावणाऱ्या सेमेलवाइस यांच्या जन्मघरात थाटलेल्या संग्रहालयात ते लागले आणि पुढे संचालक झाले. मेलेल्या डॉक्टरांच्या चरित्रांत कोण कशाला राजकारण शोधतंय? तिथेच सरकारची चूक झाली. १९९० च्या मुक्त निवडणुकीनंतर हेच संचालक हंगेरीचे पंतप्रधान झाले, आणि पुढच्याच वर्षी, जून १९९१ मध्ये, शेवटचं सोव्हिएत सैन्य देशाबाहेर गेलं.