एक पिशवी, तीन रुग्ण

‘डॉक्टर, आम्ही दिलं लाल रक्त आणि आमच्या पेशंटला हे पिवळं पाणी का लावलंय?’ डेंग्यूच्या हंगामात हा प्रश्न वॉर्डात हमखास येतो. कधी कधी त्यामागे शंकाही असते, की आपले चांगले रक्त भलत्यालाच तर दिले नाही ना? रक्तातला लाल भाग खरोखरच दुसऱ्या कोणाला तरी दिलेला असतो, आणि ते योग्यच असते. एका पिशवीतल्या रक्ताची अशी वाटणी कशी होते, हे समजून घ्यायचे तर शाळेतल्या भौतिकशास्त्राकडे जावे लागेल. धड्याचे नाव एकसमान वर्तुळाकार गती, म्हणजे एकाच चालीने गोल फिरणे.

ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारा माणूस आठवा. दगड डोक्याभोवती गरगर फिरतो. समजा, त्याची चाल कायम आहे. तरीही त्याची दिशा क्षणोक्षणी बदलत असते. दिशा बदलली की वेग बदलला, आणि वेग बदलायला बल लागते. हे बल गोफणीची दोरी पुरवते, आणि ते नेहमी मध्याकडे, हाताकडे ओढणारे असते. त्याला अभिकेंद्री बल म्हणतात. दोरीचे एक टोक सोडले की हे बल संपते. मग दगड त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता, त्या दिशेने सरळ सुटतो. त्याला बाहेर ढकलणारे कोणी नसते. सरळ जाणे हा प्रत्येक वस्तूचा स्वभाव आहे, वळायचे असेल तर मात्र कोणीतरी वळवावे लागते.

घाटात एसटी वळते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला फेकले गेलो असे वाटते, त्याचेही कारण हेच. शरीर सरळ जाऊ पाहते, गाडी आत वळते, आणि शेवटी खिडकीची बाजू किंवा शेजारचा प्रवासी आपल्याला वळवतो.

आता प्रयोगशाळेतल्या सेंट्रिफ्यूजकडे वळू. झाकण असलेल्या डब्यासारख्या या यंत्रात रक्ताच्या नळ्या गोल फिरवतात. समजा, नळीचा तळ मध्यापासून १० सेंटीमीटरवर आहे आणि यंत्र मिनिटाला ३००० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ५० फेरे. अशा वेळी नळीचा तळ ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेगाने धावत असतो. एवढ्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला एवढ्याशा वर्तुळात वळवत ठेवण्यासाठी लागणारे बल तिच्या वजनाच्या जवळजवळ १००० पट भरते. फेरे दुप्पट केले तर हे बल चौपट होते. फेरे तेवढेच ठेवून वर्तुळाची त्रिज्या दुप्पट केली तर बल दुप्पट होते. म्हणून टेबलावरचे छोटे यंत्र आणि रक्तपेढीतले मोठे यंत्र सारखेच फेरे घेत असले, तरी दोघांचे काम सारखे नसते.

नळीच्या आत काय घडते? लाल पेशी प्लाझ्मापेक्षा थोड्या जड असतात. भोवतालच्या प्लाझ्माचा दाब प्लाझ्माला वळवायला पुरतो, पण या जड पेशींना वळवायला कमी पडतो. त्यामुळे त्या सरळ जाण्याच्या नादात मध्यापासून दूर सरकत राहतात आणि शेवटी नळीच्या तळाशी एकमेकींवर दाबून बसतात. नळी नुसती उभी ठेवली तरी पेशी खाली बसतातच, पण फार सावकाश. ‘ईएसआर’ ही तपासणी म्हणजे तेच मोजणे आहे. निरोगी माणसाच्या लाल पेशी तासाभरात काही मिलिमीटरच खाली येतात. सेंट्रिफ्यूज तासन्‌तासांचे काम मिनिटांत उरकते.

हे बल निष्काळजीपणा मात्र खपवून घेत नाही. प्रत्येक नळीसमोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी ठेवावी लागते. वरच्या उदाहरणात दोन्ही बाजूंत एका ग्रॅमचा फरक राहिला, तर यंत्राच्या आसाला सुमारे एक किलो वजनाएवढा हिसका बसतो, आणि त्याची दिशा सेकंदाला ५० वेळा गोल फिरते. यंत्र थडथडू लागते, नळ्या फुटू शकतात. यंत्र पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडायचे नाही, हा नियमही त्यासाठीच आहे.

रक्तपेढीत नळीऐवजी अख्खी पिशवी फिरवतात. एका सर्वसाधारण पद्धतीत आधी हलकी फेरी होते. लाल पेशी तळाला जातात, पण आकाराने खूप लहान असलेल्या प्लेटलेट वरच्या प्लाझ्मातच राहतात. हा वरचा भाग जोडलेल्या दुसऱ्या पिशवीत काढून घेतात आणि अधिक जोराने फिरवतात. आता प्लेटलेटही खाली बसतात. झाले तीन भाग : लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा.

वेगळे करण्याचे पहिले कारण साठवण. लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला, योग्य द्रावणात, ४२ दिवसांपर्यंत टिकतात. प्लेटलेटना थंडी मानवत नाही. त्या २० ते २४ अंशांना सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसच टिकतात. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. रक्त न फिरवता तसेच फ्रिजमध्ये ठेवले तर त्यातल्या प्लेटलेट लवकरच निकामी होतात.

दुसरे कारण रुग्णाची गरज. थॅलेसेमियाच्या मुलाला लाल पेशी हव्या असतात. यकृताच्या आजारात रक्त गोठेनासे होऊन रक्तस्राव सुरू झाला तर प्लाझ्मा उपयोगी पडतो. तीव्र पंडुरोग झालेल्या वृद्धाला पूर्ण रक्त दिले तर नको असलेल्या पाण्याचा भार कमजोर हृदयावर पडतो. त्यामुळे ‘ताजे, पूर्ण रक्तच हवे’ हा आग्रह बहुतेक वेळा रुग्णाच्या हिताचा नसतो. शिवाय त्यात इतर दोघांच्या वाट्याचे रक्त वाया जाते.

डेंग्यूत तर याच यंत्राने शिकवलेली आणखी एक गोष्ट जीव वाचवते. रिपोर्टवर ‘पीसीव्ही’ किंवा ‘हिमॅटोक्रिट’ असा आकडा असतो. बारीक नळीत रक्त फिरवल्यावर एकूण उंचीच्या किती टक्के लाल थर बसला, तो हा आकडा. आता बहुतेक ठिकाणी स्वयंचलित यंत्र तो हिशोबाने काढते, पण अर्थ तोच. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा पाझरू लागतो. पातळ भाग कमी झाला की लाल थराचे प्रमाण वाढते. आधी ४० असलेला पीसीव्ही ४८ झाला, म्हणजे २० टक्क्यांनी वाढला, तर रुग्ण धोक्याच्या वाटेवर आहे. त्याला त्या क्षणी योग्य प्रमाणात सलाइन हवे असते.

नातेवाइकांचे लक्ष मात्र प्लेटलेटच्या आकड्यावर खिळलेले असते. आकडा ४०,००० वर आला की रात्री-अपरात्री रक्तपेढ्यांची धावाधाव सुरू होते. रक्तस्राव होत नसेल, तर केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट दिल्याने फायदा होत नाही. आकडा साधारण १०,००० च्या खाली गेला तर त्यांचा विचार केला जातो. रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा प्लेटलेट लागू शकतात. पण कारण नसताना चढवलेली पिशवी म्हणजे पाच दिवसच टिकणारी वस्तू खऱ्या गरजूच्या हातून काढून घेणे होय.

तेव्हा घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर प्लेटलेटबरोबर ‘पीसीव्ही कालपेक्षा वाढला का?’ हेही डॉक्टरांना विचारा. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस सर्वांत जपायचे असतात. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गुंगी, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठा. आणि पुढच्या वेळी रक्तदान कराल तेव्हा आपली पिशवी कोणाला गेली याचा शोध घेऊ नका. ती बहुधा एकाला गेलेलीच नसेल.