विश्लेषण : वळणावर गाडीचा तोल का जातो? टपावरच्या ओझ्याने नेमके काय बदलते?

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात २० ऑगस्ट २०२१ रोजी समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजूर आणि लोखंडी सळ्या घेऊन निघालेला टिप्पर उलटून १३ मजुरांचा मृत्यू झाला. अशा अपघातांनंतर चर्चा वेगाची आणि खड्ड्यांची होते. पण गाडीतले वजन कुठे आणि किती उंचीवर आहे, यावरही ती सावरणार की उलटणार हे ठरते. घरच्या लहान कारलाही हाच नियम लागू आहे.

गुरुत्वमध्य म्हणजे काय?

गाडीचे सगळे वजन जणू ज्या एका बिंदूत एकवटलेले असते, तो गुरुत्वमध्य. लहान कारमध्ये तो जमिनीपासून साधारण ५५ सेंटिमीटरवर असतो. इंजिन पुढे असलेल्या बहुतेक कारमध्ये रिकाम्या गाडीचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर येते. बिंदू जितका खाली, तितकी गाडी स्थिर.

ब्रेक दाबल्यावर काय होते?

गाडी ‘नाकावर’ येते. १००० किलोच्या कारमध्ये पुढे ६०० आणि मागे ४०० किलो भार आहे, असे समजू. जोरात ब्रेक दाबला की सुमारे १८० किलो भार पुढे सरकतो. मागच्या चाकांवर जेमतेम २२० किलो उरतात आणि त्यांची पकड कमी होते. नेमके त्याच वेळी स्टिअरिंग वळवले, तर मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही.

राजूर घाटात कार निघते, ट्रक का उलटतो?

घाटात ५० मीटर त्रिज्येचे वळण आहे, असे धरू. ताशी ४० किमी वेगाने तिथे गाडीला तिच्या वजनाच्या सुमारे २५ टक्के बळ बाहेर ढकलते. वेग ६० झाला की हेच बळ ५७ टक्क्यांवर जाते. वेग दीडपट, धक्का सव्वादोनपट.

कार उलटायला तिच्या वजनापेक्षाही जास्त बळ लागते. त्याआधीच टायरची पकड सुटते आणि ती घसरते. उंच माल भरलेला ट्रक मात्र ४० टक्क्यांच्या आसपासच कलंडू शकतो. म्हणजे ज्या वेगात कार वळण घेऊन जाते, त्याच वेगात ट्रक आडवा होतो.

कापसाच्या गाड्यांचा धोका वेगळा का?

कापूस हलका, पण जागा खूप खातो. खामगावच्या बाजाराकडे निघालेली गाडी वजनाच्या मर्यादेत असली, तरी गंजी उंच रचलेली असते. काट्यावर वजन दिसते, उंची दिसत नाही. मालावर बसलेल्या मजुरांमुळे किंवा काळी-पिवळीच्या टपावरील प्रवाशांमुळे गुरुत्वमध्य आणखी वर जातो. शिवाय गाडी कलंडली की त्यांना धरायला काहीच नसते.

टपावर १०० किलोने किती फरक पडतो?

१२०० किलोच्या कारच्या टपावर १०० किलो सामान ठेवले, तर वजन ८ टक्क्यांनी वाढते, पण गुरुत्वमध्य सुमारे ९ सेंटिमीटर, म्हणजे १६ टक्के वर सरकतो. अनेक कारच्या टपाची मर्यादा १०० किलोपेक्षा कमीच असते. तो आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.

डिकीत खूप मागे जड ओझे ठेवले, तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटते. हेडलाइटचा झोतही वर उचलला जातो. रात्री समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.

काय काळजी घ्यावी?

जड सामान डिकीच्या तळाशी, मागच्या सीटला टेकवून ठेवावे. टपावर फक्त हलके सामान ठेवून ते घट्ट बांधावे. टायरमधील हवा पूर्ण भारासाठी सांगितलेल्या आकड्याइतकी ठेवावी. हा आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळील स्टिकरवर असतो. लगेज भरलेले असेल, तर समृद्धीवर कारसाठी ताशी १२० किमीची मर्यादा आहे म्हणून तो वेग गाठायलाच हवा, असे नाही. गाडी घसरू नये म्हणून नव्या कारमध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असतात, पण त्या टायरची पकड आहे तोवरच मदत करतात. चुकीच्या जागी ठेवलेले ओझे त्या हलवू शकत नाहीत. ते गाडी सुरू करण्याआधीच हलवावे लागते.