ईसीजी नॉर्मल, तरी छातीत दुखतंय?

‘ईसीजी नॉर्मल आहे, ॲसिडिटी असेल,’ असं म्हणून अनेक घरांत विषय मिटवला जातो. हे धोक्याचं आहे. ईसीजी ही हृदयाच्या विद्युत हालचालीची जेमतेम 10 सेकंदांची नोंद. हृदयविकाराचा झटका सुरू असतानाही ती सुरुवातीला नॉर्मल दिसू शकते. म्हणूनच डॉक्टर थोड्या वेळाने ईसीजी पुन्हा काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण ते वाढायला वेळ लागतो. पहिला रिपोर्ट चांगला आला तरी काही तासांनी दुसरा नमुना घेतात तो यासाठी. ‘पुन्हा सुई कशाला?’ म्हणून नाही म्हणू नका.

झटका नाही हे ठरलं की पुढचा शोध. टूडी इकोत झडपा आणि हृदयाची पंपिंगची ताकद दिसते. जिना चढताना छाती भरून येत असेल तर स्ट्रेस टेस्ट किंवा सीटी अँजिओग्राफी. दम्याची शंका असली तर स्पायरोमेट्री: नळीत जोरात फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्र मोजतं. एका पायाला सूज आणि अचानक धाप, तर फुप्फुसात गुठळी आहे का ते डी-डायमर व सीटीने पाहतात. साधं हिमोग्लोबिनही तपासाच. आपल्याकडे कितीतरी बायकांची धाप रक्त कमी असल्यानेच असते.

मात्र दुखणं काही मिनिटांत थांबलं नाही, दरदरून घाम फुटला किंवा कळ जबड्यात, हातात गेली, तर घरी वाट पाहू नका. लगेच 108 ला फोन करा.