तगरीवरची अळी

तगरीची पानं कोण कुरतडतंय हे शोधायचं ना, बाळांनो? मग आधी खाली बघा. फरशीवर काळपट हिरव्या लेंड्या दिसल्या की त्यांच्या नेमकं वरच्या फांदीवर ती सापडते. बघ चिनू, तो देठ नाही, अळी आहे! करंगळीएवढी जाड, पानासारखी हिरवीगार, मागच्या टोकाला एक बारीकसं शिंग. बोट जवळ नेलंस की ती डोकं आत ओढते, पुढचा भाग फुगवते आणि तिथे दोन निळे-पांढरे डोळे वटारलेले दिसतात. खरे डोळे नव्हेत ते, नुसते ठिपके. पक्षी दचकावा म्हणून.

ही कण्हेरीवरसुद्धा वाढते. कण्हेर माणसाच्या हृदयाला घातक, पण ही तिची पानं खुशाल फस्त करते. खाते, फुगते, जुनी कात टाकते, पुन्हा खाते. मग एके दिवशी खाणंच सोडते. हिरवा रंग जाऊन अंग तपकिरी होतं आणि ती झाडावरून उतरून जमिनीवर सैरभैर फिरू लागते. पुष्कळ जण तिला तेव्हा आजारी समजतात. ती शोधत असते आडोसा. पाचोळ्यात शिरून चार रेशमी धागे ओढते, शेवटची कात टाकते आणि तिचा कोष होतो.

“आत ती झोपते का, आजोबा?”

छे! आत केवढी उलथापालथ चाललेली असते. जुनं घर पाडून त्याच जागी, त्याच सामानातून नवं उभारावं तसं हे काम. पानं चावणारा जबडा जातो, मध ओढणारी लांब सोंड येते. अळीचे कितीतरी स्नायू विरघळून जातात. पंख ज्यांच्यापासून घडतात ते पेशींचे पुंजके मात्र अळीच्या अंगात आधीपासूनच असतात. ते आता भराभर वाढतात.

मग अळीपणातलं काही आठवत असेल का तिला? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनाही पडला होता. त्यांनी तंबाखूवरच्या अळ्या घेतल्या, आपल्या या अळीच्याच कुळातल्या. एक ठरावीक वास द्यायचा आणि लगेच विजेचा हलका झटका. अळ्या तो वास टाळायला शिकल्या. पुढे त्यांचे पतंग झाले आणि त्यातले बहुतेक पतंगही त्या वासापासून दूर राहिले! अगदी लहान वयात शिकवलेल्या अळ्यांचे पतंग मात्र तो धडा विसरले होते. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात शिकलेलंच टिकलं. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. इतकी मोडतोड होऊनही मेंदूत काहीतरी शाबूत राहतं, याचं मला आजही नवल वाटतं.

उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांनी कोष फुटतो. बाहेर येतो तो ओला, चुरगळलेल्या पंखांचा जीव. तो उभ्या आधारावर चढून लटकतो, पंखांच्या शिरांमध्ये रक्त ढकलतो आणि पंख उलगडत जातात. हिरव्या, गुलाबी, पांढऱ्या छटांचा, हाताच्या पंजाएवढा पतंग! या वेळी त्याला उचलू नका. पंख सुकण्याआधी दुमडले, तर ते जन्मभर तसेच राहतात.

आणि तगरीखालचा पाचोळा झाडून जाळू नका. चार पानं गेली तरी तगर पुन्हा फुटते. पाचोळ्यातला कोष जळाला, तर पतंग होत नाही.