मार्क नंतर, आधी शाळा

धारवाडच्या सप्तापूर भागात क्लासेसच्या पाट्या इतक्या दाट आहेत की त्यांतली एखादी वेगळी दिसणं अवघडच. मला दिसली ती पाटी नव्हतीच, पुठ्ठा होता. एका झेरॉक्सच्या दुकानाच्या शटरला सुतळीनं बांधलेला. वर कन्नडमध्ये चार ओळी आणि खाली निळ्या मार्करनं मराठीत : 'सात वर्षे नसतील तर आधी विचारावे. फॉर्म भरल्यावर पैसे परत नाहीत.' धारवाडात मराठी ऐकू येतं, पण असं हातानं लिहून टांगलेलं मी फार पाहिलेलं नाही. आणि कसली सात वर्षं? साडेसातीची आठवण होऊन मी आत डोकावलो.

आत दोन संगणक, एक मोठं झेरॉक्स मशीन, लॅमिनेशनचं एक छोटं यंत्र आणि गरम शाईचा तो वास, जो दिवसभर नाकातून जात नाही. दुकानदार पन्नाशीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते, मीही म्हणू लागलो. "बर्री, कूड्री," म्हणून त्यांनी स्टूल सरकवलं आणि लगेच मराठीवर आले. जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस, कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या सीईटीचे अर्ज सुरू असलेले. या एका अर्जावर पुढं इंजिनिअरिंग, शेतकी, पशुवैद्यकीय असं बरंच काही ठरतं. नीट देणाऱ्यांनाही राज्याच्या वैद्यकीय जागांसाठी प्राधिकरणाकडे नाव नोंदवावं लागतं. अर्ज भरणं म्हणजे नाव, जन्मतारीख, फोटो, सही, अंगठा, पैसे. त्यात बघण्यासारखं काही नाही.

बघण्यासारखं होतं ते त्याच्या आधीचं. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, गोव्याकडचा पालक आला की तो पहिल्यांदा मार्क सांगतो. दहावीला चौऱ्याण्णव, क्लासच्या परीक्षेत अमुकतमुक, काय चान्स आहे? अण्णा हात वर करून त्याला थांबवतात. "मार्क नंतर. आधी शाळा कुठली ते सांगा. पहिलीपासून." आणि मग पोराच्या आयुष्याची वर्षं बोटांवर मोजायला लागतात.

कर्नाटकातल्या सरकारी जागेचा मुख्य दरवाजा असा : पहिली ते बारावीच्या दरम्यान किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असलं पाहिजे, आणि दहावी किंवा बारावी यांतली एक परीक्षा इथून उत्तीर्ण. ते नसेल तर दुसरा दरवाजा : अकरावी-बारावी दोन्ही कर्नाटकात, आणि आई-वडिलांपैकी एकजण इथं सात वर्षं शिकलेला. सैनिकांच्या, केंद्राच्या नोकरदारांच्या मुलांसाठी आणखी काही दारं आहेत, त्यांचे कागद वेगळे. यांपैकी एकही दार उघडत नसेल तर गुण शंभरातले शंभर असले तरी सरकारी कॉलेजच्या राज्य कोट्याच्या रांगेत उभंच राहता येत नाही. परराज्यातल्या मुलाला किती टक्के संधी, असं लोक विचारतात. या दुकानात बसल्यावर मला तरी वाटलं, टक्क्यांचा हिशेब पुढचा. संधी आहे की नाही हे प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर केव्हाच ठरून गेलेलं असतं.

बरं, या दारांशिवाय काही मोकळी अंगणंही आहेत. धारवाडची आयआयटी घ्या. 2016 मध्ये वाल्मी या संस्थेच्या आवारात सुरू झाली, मुंबईच्या आयआयटीनं तिला हात धरून चालायला शिकवलं, 2023 च्या मार्चमध्ये चिक्कमल्लीगवाडच्या कायमच्या आवाराचं उद्घाटन झालं. तिथं राज्याचा कोटाच नाही. देशभराची एकच यादी. तिकडं सुरतकलच्या एनआयटीत निम्म्या जागा राज्यातल्या मुलांच्या, निम्म्या बाहेरच्यांच्या. हुबळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात (जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'किम्स'च) शंभरातल्या पंधरा जागा अखिल भारतीय कोट्याच्या. हे पंधराचं मूळ प्रदीप जैन खटल्यात आहे. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सगळ्या जागा स्थानिकांसाठी राखून ठेवता येणार नाहीत, पुढं तो वाटा पंधरा टक्क्यांवर स्थिरावला. पण या पंधरांत कर्नाटकातली मुलंही असतात, ही गोष्ट बाहेरून आलेले पालक हमखास विसरतात.

अण्णांना याची आकडेमोड तोंडपाठ. मात्र ते 'चान्स' हा शब्द उच्चारत नाहीत. "मी जोशी नाही हो," म्हणतात. बाजूच्या चकचकीत ऑफिसांत समुपदेशक बसतात आणि रंगीत तक्ते दाखवून ऐंशी टक्के, नव्वद टक्के असं सांगतात. ते तक्ते मी पाहिले. सात वर्षांचा रकाना त्यांत नव्हता.

एका दुपारी जत तालुक्यातला एक मुलगा आला. डाळिंबवाल्याचा पोरगा, धारवाडच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी करायची म्हणून आलेला. सात वर्षं? एकही नाही. घरी कन्नड बोलतात, शाळा मात्र सगळी मराठी. अण्णांचा चेहरा उजळला. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांसाठी 'गडिनाडू', म्हणजे सीमाभागातल्या कन्नडिगांचं दार आहे. त्यातली एक अट : सीईटीच्या आगेमागे कन्नडची छोटी लेखी परीक्षा द्यायची. 2024 मध्ये सीईटी 18 आणि 19 एप्रिलला झाली, ही परीक्षा 20 ला. पन्नास गुणांची, किमान बारा हवेत.

"पन्नासात बारा फक्त," अण्णा म्हणाले.

मुलगा गप्प. मग म्हणाला, "बोलता येतं, लिवता येत नाही."

आजीशी दिवसभर ज्या भाषेत बोलायचं तिची बाराखडीच त्याला कुणी शिकवली नव्हती. अण्णांनी कागदावर 'अ आ इ ई' काढून दिली आणि पलीकडच्या दुकानातून पहिलीचं कन्नड पुस्तक घ्यायला लावलं. 1955 साली हाच मुलगा जतहून धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात आला असता तर कुणी त्याला काही विचारलं नसतं. जत संस्थान 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं होतं आणि धारवाडही त्याच राज्यात होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला मधून राज्यपुनर्रचनेची रेघ गेली.

पण ज्या प्रसंगासाठी मी त्या दुकानात पुन्हा पुन्हा गेलो तो वेगळाच.

कोल्हापूरचं एक कुटुंब. वडील खासगी कंपनीत, दोन वर्षांपूर्वी हुबळीला बदली. मुलीची दहावी कोल्हापुरात, पी.यू.ची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन्ही वर्षं हुबळीत. नीट द्यायची, डॉक्टर व्हायचं. अण्णांनी दोन प्रश्न विचारले आणि पेन खाली ठेवलं. मी तेव्हा नियम थोडेफार शिकलो होतो, मलाही कळलं. महाराष्ट्राच्या सरकारी वैद्यकीय कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. खासगी नोकरीतल्या बदलीला तिथं सूट नाही. कर्नाटकाला सात वर्षं लागतात, हिची दोनच. ना इकडची, ना तिकडची. उरल्या त्या पंधरा टक्के जागा, नाहीतर खासगीतल्या बाहेरच्यांच्या जागा, ज्यांची फी ऐकून माणूस खुर्ची धरतो.

वडील वाद घालू लागले. चूक कुणाचीच नव्हती, त्यामुळं आवाज आणखी चढला. कंपनीनं बदली केली, कॉलेजनं प्रवेश दिला, दोघांपैकी कुणीही हे सांगितलं नाही. अण्णा शांतपणे ऐकत राहिले आणि मग त्यांच्याकडे न बघता मागं पाहिलं. आई दाराशी उभ्या होत्या, हातात मुलीची छत्रीसारखी गुंडाळलेली ओढणी आणि कागदांची पिशवी. तोवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

"वहिनी, तुमचं माहेर कुठलं?"

"निपाणी."

"शिकलात कुठं?"

"तिथंच की. सातवीपर्यंत सरकारी मराठी शाळेत, मग हायस्कूल."

अण्णांनी पेन उचललं. कर्नाटकात पहिली ते सातवी ही एकसलग प्राथमिक शाळा असते. शाळा मराठी असो वा कन्नड, वर्षं कर्नाटकातलीच मोजतात. बरोबर सात. शिवाय हायस्कुलाची तीन. मुलीची अकरावी-बारावी इथली आहेच. दुसरा दरवाजा.

त्या बाईंना हे पटकन समजलं नाही. समजलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमचे बाबा दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत जायचे." महाराष्ट्र ज्या 865 गावांवर हक्क सांगतो त्यांत निपाणी आहे. महाराष्ट्रही आपल्या बाजूनं सीमाभागातल्या मराठी मुलांना सीईटीत वेगळ्या वर्गात घेतो, 'ई' प्रकारात. म्हणजे दोन्ही राज्यं एकमेकांच्या हद्दीतल्या आपापल्या भाषेच्या मुलांना कुशीत ओढतात. इथं मात्र मराठी बोलणाऱ्या मुलीला कर्नाटकाचं दार उघडलं ते निपाणी कर्नाटकात राहिली म्हणून. निपाणी महाराष्ट्रात यावी ही बाबांची घोषणा यशस्वी झाली असती तर नातीचा अर्ज या दुकानात अडला असता.

पुढचं काम कंटाळवाणं. निपाणीच्या शाळेत जाऊन जुना दाखलेवह्यांचा गठ्ठा काढायला लावायचा, मुख्याध्यापकांकडून अभ्यास प्रमाणपत्र लिहून घ्यायचं, त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी. आई एकट्याच गेल्या. काही दिवसांनी तो कागद घेऊन त्या आल्या तेव्हा मी योगायोगानं तिथं होतो. मळकट शाई, मराठीतलं नाव, लग्नाआधीचं आडनाव, खाली कन्नड शिक्का. अण्णांनी तो स्कॅन केला, पडद्यावर मोठा करून सातही वर्षं एकेक करून मोजली आणि मग पुढचं बटण दाबलं.

यानं मुलीला जागा मिळाली असं समजू नका. नीटचे गुण तिलाच मिळवावे लागणार होते आणि ते कमी पडले तर आईचा दाखला काही करू शकणार नव्हता. एवढंच झालं की शंभरातल्या पंधरांशिवाय उरलेल्या पंच्याऐंशींतल्या सरकारी जागांच्या रांगेतही ती उभी राहिली. मला विचाराल तर हा न्याय नाही, लॉटरी आहे. ज्या मुलीच्या आईचं माहेर निपाणीऐवजी दहा-पंधरा मैलांवर, हद्दीपलीकडं कागलला असेल, तिला हेच गुण घेऊन घरी बसावं लागेल. राज्यांनी आपल्या पैशानं उभारलेल्या कॉलेजांत आपल्या मुलांना आधी घ्यावं, हे मला मान्य आहे. पण नोकरीनिमित्त हद्द ओलांडणाऱ्या घरांतली मुलं दोन्ही राज्यांच्या नियमांच्या फटीत पडतात. त्यांची सोय दोघांपैकी एकानं तरी करायला हवी.

तोवर कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्या पालकांना एवढंच सांगणं : मुलाला अकरावीसाठी हद्दीपलीकडं घालण्याआधी दोन्ही राज्यांच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिका वाचा, कारण नियम बदलतात. आणि वडिलांच्या बदलीचा कागद शोधताना आईच्या शाळेचा दाखलाही काढून ठेवा.